खोली नेमकी कुठे गप्प झाली? एका विनोदी भागावरच्या गावप्रतिक्रियेचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी आणि दारव्ह्याच्या मधल्या पट्ट्यातलं एक गाव. कापूस, सोयाबीन आणि तुरीचं. गावाचं, वाहिनीचं आणि कार्यक्रमाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण या प्रकरणात काही घरांचं खाजगी दुःख गुंतलेलं आहे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका मराठी वाहिनीच्या तासाभराच्या विनोदी कार्यक्रमात पीकविम्याच्या पंचनाम्यावर प्रहसन झालं. शेतकरी वऱ्हाडी बोलणारा, अधिकारी शहरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली चाळीसेक सेकंदांची क्लिप गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, दुपारपर्यंत स्टेटसवर चढली आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर निषेधाचं पत्र तयार झालं. वऱ्हाडी बोलीची आणि कास्तकाराची थट्टा केली, वाहिनीनं माफी मागावी, एवढाच मजकूर. खाली नव्वदच्या आसपास सह्या.

पत्र जायचं थांबलं ते एका वहीमुळे. गावच्या वाचनालयाशी जोडलेला एक लहान गट काही महिन्यांपासून मालिका आणि विनोदी कार्यक्रम एकत्र बघून प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया लिहून ठेवत होता. तो भागही त्यांनी नोंदवला होता. क्लिपमधल्या प्रसंगाला खोली पोट धरून हसली होती, असं वहीत होतं. आणि सहा मिनिटांनी आलेल्या, क्लिपमध्ये नसलेल्या एका वाक्याला खोली एकदम गप्प झाली होती.

नोंद कशी होत होती

टीव्ही एका घराच्या ओसरीत, माणसं पंधरा-सोळा. पुढे पोरं, मधे पुरुष, मागे स्वयंपाकघराच्या दाराशी बाया. नोंद करणारे दोघं: अमरावतीला कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि निवृत्त गुरुजी. दोघंही टीव्हीच्या बाजूला, लोकांचे चेहरे दिसतील असे बसायचे. आधी ते सगळ्यांच्या मागे बसत, तेव्हा वहीत फक्त आवाज उतरायचा. मोठ्यानं हसणारी दोन पोरं म्हणजे अख्खी खोली हसली, असा घोळ त्यातून व्हायचा.

खुणा अगदी थोड्या. ह१ म्हणजे दोघं-तिघं हसले, ह२ म्हणजे निम्मी खोली, ह३ म्हणजे सगळी. 'बो' म्हणजे कुणी पडद्याशी बोललं, आणि काय बोललं ते जसंच्या तसं. 'शां' म्हणजे चालू असलेली कुजबूजही थांबली. 'उ' म्हणजे जाहिरात नसताना कुणी उठलं. 'फो' म्हणजे हातात मोबाईल आला. खुणा याहून वाढवल्या की लिहिणाऱ्याचं डोकं वहीतच राहतं आणि चेहरे सुटतात.

प्रत्येक खुणेपुढे घड्याळाची वेळ लिहायची आणि जाहिराती कधी लागल्या, कधी संपल्या तेही टिपायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं. घड्याळातली वेळ आणि ओटीटीवरच्या भागातली वेळ जुळत नाही, कारण तिथे जाहिराती नसतात किंवा वेगळ्या असतात. या भागात सुरुवात ८ वाजता, पहिली जाहिरात ८:११ ते ८:१५. क्लिपमधला प्रसंग ८:२० ला आला, म्हणजे चार मिनिटं वजा करून सोळाव्या मिनिटाला. खोली गप्प झाली ८:२६ ला, म्हणजे बाविसाव्या मिनिटाला. प्रायोजकांच्या पट्ट्यांमुळे पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतात, तेवढं धरून चालायचं. पावसाळ्यात डिश टीव्हीचं चित्र मधेच जातं, गावठाणची लाईन जाते. तेव्हा 'गेली' आणि 'आली' अशा दोन्ही वेळा लिहिल्या नाहीत तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

मोबाईलवर खोलीचं रेकॉर्डिंग करायचा प्रयत्न त्यांनी लवकरच सोडला. टीव्हीच्या आवाजात माणसांचा आवाज बुडतो. त्याहून वाईट म्हणजे रेकॉर्डिंग चालू आहे हे कळल्यावर बाया पदर सावरून बसतात आणि बोलत नाहीत.

दैनंदिन मालिकांनी या गटाला एक मोठी गोष्ट शिकवली. अर्ध्या तासाच्या मालिकेत प्रत्यक्ष गोष्ट साधारण बावीस-चोवीस मिनिटांची, कारण तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात. त्यातही सुरुवातीला कालचा सारांश आणि शेवटी उद्याची झलक. गट आधी भाग चालू असतानाच लिहायचा आणि जाहिरातीत पेन्सिल खाली ठेवायचा. पण मालिकेवरचं खरं बोलणं जाहिरातीतच होतं. नायिका सासूपुढे मान खाली घालून उभी असते तेव्हा मागच्या रांगेतून फार तर एखादं "बोल नं वं!" येतं. जाहिरात लागली की मात्र कुणाची सून अशी ऐकून घेते, कुणी घेऊ नये, कुणाच्या माहेरी काय झालं, हे सगळं निघतं. विनोदी कार्यक्रमात उलट: प्रतिक्रिया तिथल्या तिथे, दोन सेकंदांत, आणि जाहिरातीत बहुतेक त्याच वाक्याची नक्कल. म्हणून दोन्हींच्या नोंदीचं पान वेगळं ठेवावं लागतं. मालिकेच्या पानावर जाहिरातीसाठी अर्धा भाग मोकळा सोडायचा, विनोदी कार्यक्रमाच्या पानावर मिनिटामिनिटाच्या ओळी आखायच्या.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत अशी नोंद ठेवायचा प्रश्नच येत नाही. वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे भाऊबीजेच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, रात्रभर नाटकं चालतात. तिथे वन्समोअर, शिट्टी, बक्षीस, कंटाळल्याची हुल्लड, सगळं नटाच्या कानावर त्याच क्षणी पडतं आणि पुढच्या गावी प्रवेश बदलतो. टीव्हीच्या पडद्यापुढची दाद किंवा चीड कुणालाच ऐकू जात नाही. ती कुणीतरी लिहून पोचवावी लागते, आणि लिहिताना चुकली तर चुकलेलीच पोचते.

क्लिपनं काय केलं

गटानं पूर्ण भाग ओटीटीवर दोनदा पाहिला आणि क्लिप शेजारी ठेवली. स्थानिक आपत्तीनं पिकाचं नुकसान झालं तर विमाधारक शेतकऱ्यानं ७२ तासांत कळवायचं, असा तेव्हा पीकविम्याचा नियम होता. प्रहसनाचा पहिला अर्धा भाग त्यावरच होता. अधिकारी सांगतो, अ‍ॅपवरच कळवा. त्याच्या स्वतःच्याच फोनला रेंज नाही. मग शेतकरी रेंजसाठी लिंबाच्या झाडावर चढतो आणि फोनमधल्या यंत्राच्या बाईशी वऱ्हाडीत भांडतो. क्लिप झाडापासून सुरू होते. अधिकारी कापला गेला.

एवढ्यानं हसण्याचं लक्ष्यच बदललं. पूर्ण प्रसंगात हसू होतं ते स्वतःला रेंज नसताना अ‍ॅप सांगणाऱ्या माणसाचं. क्लिपमध्ये उरला तो फोनवर ओरडणारा, झाडावर चढलेला खेडूत. वहीत ८:१८ ला अधिकाऱ्याच्या वाक्यावर ह३ आणि लगेच 'बो: आपल्या इथं बी असंच हाय'. झाडावरच्या प्रसंगाला पुन्हा ह३. ओसरीत बसलेल्यांना तो आपल्या बाजूचा विनोद वाटला होता. दुसऱ्या दिवशी सही करणाऱ्या बहुतेकांनी भाग पाहिलाच नव्हता, आणि पाहिलेल्यांपैकी काहींनीही सही केली होती.

हे दुसरं कोडं महत्त्वाचं आहे. रात्री हसलेला माणूस सकाळी चिडून सही का करतो? तो ढोंग करतो असा निष्कर्ष काढायची घाई होते, आणि तो चुकीचा आहे.

खोली जिथे गप्प झाली

८:२६ ला दोन्ही वह्यांत 'शां', आणि मुलीच्या वहीत त्यापुढे 'उ, उ'. दोन बाया उठून आत गेल्या. गुरुजींच्या वहीत त्या उठल्याची नोंदच नाही, कारण त्यांचं लक्ष पुरुषांच्या रांगेकडे होतं. नोंद करायला दोघं हवेत आणि त्यातली एक बाई हवी, ते यासाठी.

प्रहसनात त्या क्षणी शेजारी शेतकऱ्याला सल्ला देतो. साहेबांना दोर दाखव, मग बघ सगळे कसे धावत येतात आणि पैसे घरपोच मिळतात, अशा अर्थाचा. स्टुडिओतले प्रेक्षक हसले. ओसरीत पाच-सहा सेकंद कुणीच काही बोललं नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य कसं ऐकलं जातं ते समजायला एक व्यवहार माहीत हवा. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य शासनाकडून १ लाख रुपयांची मदत मिळते, पण सरसकट नाही. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, थकलेलं होतं का, हे सगळं तपासून जिल्हास्तरीय समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. सातबारा बापाच्या नावावर आणि गेला मुलगा, किंवा कर्ज सावकाराचं तोंडी, अशा कारणांवर घरं अपात्र ठरलेली असतात. ज्या घरानं हा कागद हातात धरलेला आहे, त्या घरातल्या बाईला 'दोर दाखवला की पैसे' हे ऐकवणं म्हणजे तिच्या माणसाला मेल्यावर लबाड ठरवणं. प्रहसन लिहिणाऱ्याचा रोख यंत्रणेवर असेलही. पण हे वाक्य पडतं ते यंत्रणेच्या अंगावर नाही, त्या घराच्या अंगावर.

सकाळच्या सहीचं उत्तर यात आहे. रात्री लागलेलं वाक्य चौकात उच्चारता येत नाही. उच्चारलं तर कुणाचं घर मनात आहे ते लगेच कळतं, आणि त्या घरचे लोक समोरच उभे असतात. बोलीचा अपमान ही मात्र सगळ्यांना मिळून बोलता येण्यासारखी तक्रार आहे. मनातली टोचणी खरी होती, तिला वाट क्लिपनं दिली, आणि ती वाट भलतीकडे गेली. चौकातली प्रतिक्रिया घेऊन थांबणाऱ्या कुणालाही हे दिसलं नसतं.

खात्री करायला गटानं दोन दिवसांनी रात्रीच्या प्रेक्षकांशी एकेकट्यानं बोलून घेतलं. बायांशी मुलगी बोलली, घरी जाऊन, पुरुष वावरात असतानाच्या वेळी. प्रश्न तीनच होते. काय आठवतं? त्यातलं तुम्ही कुणाला सांगितलं का? आणि हा भाग घरच्या म्हाताऱ्या माणसासोबत पुन्हा बघाल का? 'तुम्हाला वाईट वाटलं का' असं विचारायचं नाही. त्यानं उत्तर तोंडात भरवलं जातं. पहिल्या प्रश्नाला बहुतेकांनी झाड सांगितलं. तिसऱ्याला अनेक बायांनी नाही म्हटलं, आणि कारण विचारल्यावर एकीनं एवढंच सांगितलं, "ते दोराचं नव्हतं पाहिजे." याआधी तिला कुणीही दोराचं विचारलेलं नव्हतं.

बोलीचा मुद्दा, वेगळा काढून

बोलीचा मुद्दा खोटा नव्हता, फक्त तो वेगळा होता. वऱ्हाडी पडद्यावर आली म्हणून या भागात कुणी रागावत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ चालली, तिची नायिका राधिका नागपूरकडची होती आणि मालिका इथे घराघरांत पाहिली गेली. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलले की इथली खोली ताठ बसायची. राग येतो तो चुकीच्या वऱ्हाडीचा. या प्रहसनात शेतकरी वावराला 'रान' आणि धुऱ्याला 'बांध' म्हणत होता, म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे पश्चिम महाराष्ट्राचं खेडं होतं. प्रत्येक क्रियापदाला 'रायलो' चिकटवलेलं होतं. 'जाऊन रायलो' हे चालू असलेल्या कामासाठी येतं. रोजच्या सवयीसाठी माणूस साधं 'जातो'च म्हणतो. डोळ्याला 'डोया' म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात 'शाळा' स्वच्छ म्हणत होता. आणि वडीलधाऱ्या माणसाला 'बे' लावलेला होता, जो बरोबरीच्यांतच चालतो. वहीत अशा जागी ह१ आणि काही 'फो' आहेत. विनोद पडला होता, एवढंच. कुणी दुखावलेलं नव्हतं.

पत्र पुन्हा लिहिताना

पहिल्या पत्रात तीन उणिवा होत्या. प्रसारणाची तारीख-वेळ नव्हती, पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपची क्लिप होती, आणि नेमका कोणता नियम मोडला ते नव्हतं. फॉरवर्ड होत आलेल्या क्लिपवर तारीख नसते आणि ती कापलेली असते, त्यामुळे ती सोबत जोडली तर तक्रारीचंच नुकसान होतं. यूट्यूबची लिंकही मुख्य आधार म्हणून देऊ नये. टीव्हीवरच्या प्रसारणाची तक्रार केबल टीव्हीच्या नियमांखाली जाते, इंटरनेटवरच्या मजकुराची माहिती-तंत्रज्ञान नियमांखाली. दोन्ही एकाच कागदात मिसळले की उत्तर देणाऱ्याला टोलवायला जागा मिळते.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ मधला नियम ६ म्हणजे कार्यक्रम संहिता. त्यातलं उपकलम 'एम' भाषिक आणि प्रादेशिक गटांचं तुच्छतेनं, हिणवून केलेलं चित्रण मनाई करतं. पहिल्या पत्राला लागू करायचंच तर हे लागलं असतं, पण पूर्ण प्रसंग पाहिल्यावर ते टिकलं नसतं, कारण तिथे थट्टा अधिकाऱ्याची होती. उपकलम 'आय' व्यक्तीची किंवा समाजातल्या एखाद्या गटाची निंदानालस्ती मनाई करतं. आत्महत्याग्रस्त कुटुंबं हा असा गट आहे, आणि बाविसाव्या मिनिटाचं वाक्य त्यांच्यावरच बोट ठेवतं. नवं पत्र फक्त 'आय' धरून लिहिलं गेलं.

त्यात वाहिनी, कार्यक्रम, तारीख, प्रसारणाची वेळ, ओटीटीवरचं मिनिट, ते वाक्य शब्दशः, त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक वाक्य, मदतीच्या पात्र-अपात्रतेबद्दल चार ओळी आणि मागणी: हे वाक्य पुनःप्रसारणातून आणि इंटरनेटवरून काढावं. एवढं एका पानात बसलं. गावातल्या कुठल्याही कुटुंबाचा उल्लेख नाही. सही एकाच माणसाची, पूर्ण पत्त्यासह. तक्रारीला सह्यांची संख्या लागत नाही, एक तक्रारदार पुरतो. नव्वद सह्यांचा कागद मूळ मजकुराखाली केलेला होता, तो नव्या मजकुराला जोडणं अप्रामाणिकपणा ठरला असता. तो बाजूला ठेवला.

जून २०२१ च्या दुरुस्तीनंतर रस्ता तीन पायऱ्यांचा आहे. आधी थेट वाहिनीकडे. तिनं २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून काम करणारी बीसीसीसी (ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल) ही त्यातली मुख्य. तिला ६० दिवस. त्यानंतर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा. लोक सहसा पहिली पायरी गाळून थेट मंत्रालयाला लिहितात, आणि तक्रार फिरून वाहिनीकडेच येते.

टीआरपीबद्दलचा गैरसमज

ओट्यावर एक सूचना जोरात होती: गावानं वाहिनीच बंद करायची, टीआरपी पडेल, मग कळेल. असं होत नाही. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मोजणी निवडक घरांत होते. देशभर मिळून साधारण ५८ हजार घरं, ती कोणती हे गुप्त. तिथे वाहिनीच्या आवाजात मिसळलेली खूण मीटर ओळखतो आणि कोण बघतंय ते घरातली माणसं आपापलं बटण दाबून सांगतात. शनिवार ते शुक्रवारचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. गावात मीटर नसेल तर बहिष्काराचा एक कणही त्यात उतरत नाही. आणि मीटर असला तरी तो किती वेळ पाहिलं तेवढंच सांगतो. हसून पाहिलं की दात-ओठ खात पाहिलं, हे त्याला कळत नाही. क्लिप शोधून शोधून पाहणाऱ्या रागावलेल्या गावानं यूट्यूबवर त्या प्रहसनाची प्रेक्षकसंख्या वाढवलीच होती.

निकाल

पोच दुसऱ्या दिवशी आली, उत्तर मुदतीच्या आत. रोख यंत्रणेवर होता, कुटुंबांवर नाही, तरी भावना दुखावल्याबद्दल दिलगिरी, असा मजकूर. इंटरनेटवरच्या भागातून ते वाक्य काढलं गेलं. टीव्हीवरचं पुनःप्रसारण मात्र दुसऱ्या दिवशी दुपारीच होऊन गेलं होतं. पुनःप्रसारण इतक्या लवकर येतं की ते थांबवायचं असेल तर तक्रार त्याच रात्री ई-मेलनं जायला हवी, आणि तेवढ्या वेळात वही, ओटीटी आणि खाजगी बोलणं हे सगळं होणं शक्य नाही. ही पद्धतीची खरी मर्यादा आहे. यावर गटानं एवढं ठरवलं: 'शां' एकाच मिनिटाला दोन्ही वह्यांत आला आणि निदान एका वहीत त्यापुढे 'उ' असला, तर त्या रात्रीच वेळ आणि वाक्य कळवणारी तीन ओळींची प्राथमिक तक्रार पाठवायची. सविस्तर पत्र नंतर.

पडद्यावर जाहीर माफी हवी, म्हणून अपील करावं, असं काहींचं मत होतं. ज्या दोन बाया त्या रात्री उठून गेल्या होत्या त्यांना मुलीनं विचारलं. दोघींनाही विषय पुन्हा चावडीवर नको होता. अपील केलं नाही. या गटाच्या सगळ्या निर्णयांत हा सगळ्यात योग्य म्हणावा लागेल, कारण प्रतिक्रिया ज्यांची, तिचं पुढे काय करायचं हे ठरवायचा हक्कही त्यांचाच.

बोलीबद्दलचं पत्र वेगळं गेलं, तक्रार म्हणून नाही, सूचना म्हणून. वावर, धुरा, पऱ्हाटी, सालदार, बुढा-बुढी असे शब्द, 'रायलो' कुठे लागतं आणि कुठे नाही याची दहा-बारा वाक्यं, आणि 'बे' कुणाला लावायचा नाही ते. ते वाहिनीच्या तक्रार विभागाला पाठवलं गेलं आणि त्याला उत्तर आलेलं नाही. तक्रार विभागाकडे अशा कागदाला कप्पाच नसतो. कार्यक्रमाच्या शेवटच्या पाट्यांमध्ये निर्मिती संस्थेचं आणि लेखकांचं नाव येतं. सूचना तिथे पाठवायची. दैनंदिन मालिकांचे भाग आधी चित्रित करून साठवलेले असतात, त्यामुळे तिथे बदल दिसायला कित्येक आठवडे जातात. विनोदी प्रहसनाचा लेखक मात्र पुढच्या चित्रीकरणाआधी नवी संहिता लिहीतच असतो. नवी प्रत त्या पत्त्यावर पाठवायची तयारी चालू आहे, आणि शब्दांच्या यादीत बाया आता कापूस वेचणीचे शब्द भरताहेत.